तिशी उलटलेल्या इमारती

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कोणत्याही शहरातल्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेला जाऊन बसा. तासाभरात कोणीतरी म्हणतेच, ‘आपल्या बिल्डिंगची तिशी उलटली. आरसीसीचं आयुष्य तेवढंच असतं. आता रिडेव्हलपमेंटच.’ त्यावर हरकत घेणारा सहसा निघत नाही. तीस वर्षांचा हा आकडा औषधाच्या बाटलीवर छापलेल्या मुदतीसारखा सर्वमान्य होऊन बसला आहे. या आकड्याला अभियांत्रिकीचा आधार नाही आणि कायद्याचाही नाही, हे मला येथे दाखवायचे आहे. शिवाय त्याच्या जोरावर जी ‘भविष्यातली इमारत’ आपण उभी करतो आहोत, तिच्यात भविष्याचा विचार फार थोडा असतो.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या बळकट रूपात. काँक्रीटमधली सळई गंजते, ती थांबवता येत नाही. दुरुस्तीवर घातलेला पैसा चार-पाच पावसाळ्यांत वाहून जातो. हा अनुभव हजारो सभासदांचा आहे, कल्पित नाही. जुन्या इमारतींचे संकल्पन भूकंपाच्या आजच्या मानकांनुसार झालेले नाही. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, म्हातारी माणसे तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली आहेत. नवी इमारत सुरक्षित असेल, हरित मानांकन मिळवेल, वीज कमी खाईल, आणि हे सगळे सभासदांच्या खिशाला हात न लावता होईल. म्हणजे जुने राखण्याचा आग्रह हा स्मरणरंजनाचा हट्ट आहे.

यातली काही विधाने खरी आहेत. त्यांच्याकडे मी येईनच. पण ज्या पायावर ती रचली आहेत, तो तीसचा आकडा आला कुठून?

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३५३-ब या कलमात तो आहे. वापर सुरू होऊन तीस वर्षे झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी, आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी ती पुन्हा करावी, असे हे कलम सांगते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्येही पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशीपुढच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावे असे म्हटले आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांनी तपासा असे सांगणारा कायदा इमारत चाळीस, पन्नास, साठ वर्षे उभी राहणार हे गृहीतच धरतो. तपासणीची तारीख आपण मरणाची तारीख म्हणून वाचली. तसे वाचण्याला एक कारण मात्र आहे: विकास नियंत्रण नियमांत तीस वर्षांहून जुन्या संस्थांच्या पुनर्विकासाला जादा चटईक्षेत्र ठेवलेले आहे. आकडा अभियंत्यांच्या टेबलावरून एफएसआयच्या टेबलावर गेला आणि तिथून सभेत आला.

आता काँक्रीटकडे वळू, कारण खरा वाद तिथे आहे.

नव्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तो थर शाबूत असेपर्यंत पोलाद गंजत नाही. धोका दोन वाटांनी येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये मुरतो आणि सामू नऊच्या खाली आणतो. किंवा खाऱ्या हवेतून, खाऱ्या वाळूतून क्लोराइड सळईपर्यंत पोचते आणि तो थर जागोजाग भेदते. मग पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज सुरू होतो. गंज मूळ पोलादाच्या दोन ते सहापट जागा मागतो. ती मिळाली नाही की वरचे काँक्रीट फोडतो. छताचे पोपडे पडतात आणि तांबूस सळया दिसू लागतात, त्यामागची क्रिया ही अशी.

यात काळाचा हिशेब कसा लागतो ते पाहण्यासारखे आहे. कार्बोनेशन सरळ रेषेत पुढे सरकत नाही. त्याची खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सळईवर पंधरा मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असेल आणि कार्बोनेशन तिथवर पोचायला वीस वर्षे लागली, तर त्याच प्रतीच्या काँक्रीटच्या तीस मिलिमीटर आवरणाला ऐंशी वर्षे लागतील. आवरण दुप्पट, मुदत चौपट. काँक्रीट अधिक घट्ट, पाणी-सिमेंटचे प्रमाण नेमके आणि सुरुवातीचे क्युरिंग नीट झालेले असेल, तर त्याहूनही जास्त. म्हणजे ‘आरसीसीचे आयुष्य किती’ या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही. कव्हरब्लॉक नीट ठेवले होते का, पहिले काही दिवस पाणी मारले का, गच्ची आणि न्हाणीघरे गळतात का, यावर ते आयुष्य ठरते. यातली शेवटची गोष्ट तर आजही आपल्या हातात आहे.

पुरावा पाहायचा तर मरीन ड्राइव्हवर जावे. तिथल्या आर्ट डेको इमारती प्रामुख्याने १९३० आणि १९४०च्या दशकांतल्या, आरसीसीच्या, समोर अरबी समुद्र. २०१८ साली त्यांना व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच इमारती पाऊणशे-ऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांत कुटुंबे राहत होती. त्यांची दुरुस्ती वेळोवेळी झाली आहे. माझा मुद्दाही तोच आहे. त्याहून बोलके उदाहरण पुदुच्चेरीचे. श्री अरविंद आश्रमाचे ‘गोलकोंड’ हे निवासस्थान अँटोनिन रेमंड यांच्या आराखड्यानुसार १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधायला घेतले आणि १९४०च्या दशकात पूर्ण झाले. जागच्या जागी ओतलेले काँक्रीट, भिंतीच्या जागी उघडझाप होणाऱ्या आडव्या झडपा, आरपार वारा. बंगालच्या उपसागराजवळच्या दमट उन्हाळ्यात ती वास्तू वातानुकूलनाशिवाय राहण्याजोगी आहे आणि आजही नांदती आहे. टिकाऊपणा आणि कामगिरी यांसाठी नवे तंत्रज्ञान येण्याची वाट पाहावी लागते, या समजुतीला ही एक इमारत पुरेसे उत्तर आहे.

मग आपल्याकडच्या १९७० आणि १९८०च्या दशकांतल्या इमारती इतक्या लवकर का खंगल्या? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर काँक्रीटच्या स्वभावापेक्षा त्या काळात अधिक सापडते. सिमेंट नियंत्रित होते, परमिटवर मिळे. महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको: सिमेंटच्या वाटपावरून उठलेल्या वादळात बॅ. अंतुले यांना जानेवारी १९८२मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि पुरते उठायला १९८९ उजाडले. अशा टंचाईत मिश्रणात सिमेंट किती पडत असेल याची कल्पना करता येते. मुंबई-ठाण्याच्या आसपास खाडीची रेती वापरात होती, आणि तिच्यासोबत क्लोराइड पहिल्याच दिवशी काँक्रीटमध्ये शिरत होते. सळई बहुधा पीळ दिलेली टॉर स्टीलची, गंजाला अधिक बळी पडणारी. १९७८च्या भारतीय मानकात स्लॅबला पंधरा मिलिमीटर आवरण चालत होते आणि एम-१५ प्रतीचे काँक्रीटही. २०००च्या सुधारित आयएस ४५६ने आरसीसीसाठी किमान एम-२० ठरवले आणि हवामानाच्या तीव्रतेनुसार आवरणाच्या पायऱ्या केल्या: मध्यमला तीस, तीव्रला पंचेचाळीस मिलिमीटर. एका दुबळ्या पिढीच्या अनुभवावरून आपण साऱ्या आरसीसीचे आयुर्मान ठरवून टाकले आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या पिढ्यांनाही तेच लागू केले.

‘दुरुस्ती टिकत नाही’ हा अनुभवही याच जातीचा. पोपडे पडलेल्या जागी वरवरचे प्लास्टर लावले तर ते टिकणार नाहीच. पण नीट केलेली दुरुस्तीही कधीकधी दोन-तीन वर्षांत शेजारी फुटते. क्लोराइड भरलेल्या काँक्रीटमध्ये एक भाग खोदून नव्या मसाल्याने भरला, की आधी गंजत असलेला तो भाग आसपासच्या सळईला जे विद्युत-रासायनिक संरक्षण देत होता ते जाते, आणि गंज कडेला सरकतो. यावर उपाय आहेत. हाफ-सेल पोटेन्शियलने सगळ्या स्लॅबचा नकाशा घ्यायचा, फिनॉल्फथॅलीनने कार्बोनेशनची खोली मोजायची, क्लोराइड तपासायचे, आणि गरजेनुसार मोठा भाग काढायचा किंवा जस्ताचे त्यागी अॅनोड बसवायचे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणीवर अहवाल उरकतो आणि ठेकेदार चौरस फुटावर दर देतो. निदानच अर्धवट असेल तर औषध लागू पडत नाही, हे समजायला अभियंता असावे लागत नाही.

सुरक्षिततेचा युक्तिवाद सर्वांत भावनिक असतो, म्हणून त्याची शहानिशा अधिक काळजीने करायला हवी. ४ एप्रिल २०१३ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला जी इमारत कोसळून ७४ माणसे गेली, तिचे बांधकाम अजून चालूच होते. २४ ऑगस्ट २०२०ला महाडमध्ये पाच मजली इमारत पडून १६ जण दगावले. तिचे वय जेमतेम दशकाच्या आतबाहेरचे. २५ जुलै २०१७ला घाटकोपरला १७ जीव गेले, तेव्हा तळमजल्यावरच्या फेरफारांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. २६ जानेवारी २००१च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती झोपल्या, त्या जुन्या पोळांतल्या नव्हत्या. खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा स्टिल्टवरच्या नव्या इमारतींचा त्यांत मोठा भरणा होता. जुन्या इमारतीही पडतात, आणि दर पावसाळ्यात दक्षिण मुंबईत पडतात. पण तिथे भाडी १९४०च्या पातळीवर गोठलेली राहिली आणि दुरुस्ती करणारा मालकच उरला नाही. १९६९मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापन करावे लागले ते याच कारणाने. वय हे यातल्या कशाचेच पुरेसे स्पष्टीकरण नाही. बेकायदा बांधकाम, कापलेले खांब, सोडून दिलेली देखभाल, ही कारणे आहेत.

आणि भूकंपाच्या मानकांचा मुद्दा? तो मी मान्य करतो. पण अस्तित्वातल्या आरसीसी इमारतींचे भूकंपीय मूल्यमापन आणि बळकटीकरण कसे करावे यासाठी आयएस १५९८८ हे स्वतंत्र भारतीय मानक २०१३पासून आहे. खांबांना जॅकेट घालणे, मोकळ्या स्टिल्टमध्ये निवडक ठिकाणी आरसीसी भिंती उभारणे ही त्यातली नेहमीची कामे आहेत. पुनर्विकासाच्या किती प्रस्तावांसोबत असा पर्यायी अंदाज सभेपुढे ठेवला जातो? माझ्या पाहण्यात तो क्वचितच आला.

भविष्यातली इमारत कशी असावी, याविषयी वास्तुशास्त्रात साठ वर्षांहून अधिक काळ गंभीर विचार झाला आहे. डच वास्तुविशारद हाब्राकेन यांनी १९६१मध्ये मांडले की घराचे दोन भाग वेगळे ठेवावेत: दीर्घकाळ टिकणारा सामायिक सांगाडा, आणि राहणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे बदलावा असा आतला भराव. पुण्याच्या वाड्यांची रचना हेच करत होती. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, खणांच्या मापाने मोजलेली जागा, आणि भाऊ वेगळे झाले की, बिऱ्हाड ठेवले की, दुकान काढले की हलणारे आडोसे. १९६०-९०च्या आपल्या कॉलम-बीमच्या इमारतींतही हा गुण आहे. आतल्या विटांच्या भिंती पाडून दोन खोल्यांची एक करता येते, आणि हजारो कुटुंबांनी ती केली आहे.

त्यांच्या जागी येणारे बहुतेक मनोरे अॅल्युमिनियम फॉर्मवर्कने, लोक ज्याला मायवान म्हणतात त्या पद्धतीने, बांधले जातात. काम झपाट्याने होते आणि भिंती गुळगुळीत निघतात. पण घरातल्या जवळजवळ सगळ्या भिंती काँक्रीटच्या आणि भार वाहणाऱ्या असतात. विजेच्या नळ्या त्यांच्यात ओतलेल्या. अशा घरात दार सरकवता येत नाही, खोली मोठी करता येत नाही. आज दोन मुलांच्या कुटुंबासाठी आखलेले घर चाळीस वर्षांनी एकट्या वृद्धेचे, किंवा घरातून काम करणाऱ्या दोघांचे होईल तेव्हा ते वाकणार नाही. भूकंपाला हा सांगाडा चांगला तोंड देईल, यात शंका नाही. काळाला मात्र तो तोंड देऊ शकत नाही, आणि जुळवून घेणाऱ्या इमारतीचे नाव घेऊन त्याचा पुरस्कार करणे मला पटत नाही.

हरितपणाबद्दल थोडक्यात. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के मानला जातो, आणि त्यातला अर्ध्याहून अधिक चुनखडी भाजताना तिच्यातूनच बाहेर पडतो. भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो थांबत नाही. उभा सांगाडा म्हणजे आधीच होऊन गेलेले उत्सर्जन. तो पाडला की तेवढेच आणि त्याहून जास्त पुन्हा करावे लागते. जुन्या घरांतला उकाडा कमी करायला छज्जे, गच्चीवर उष्णता परतवणारा लेप, खिडक्यांवर बाहेरून सावली, एवढ्याने पुष्कळ काम होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८च्या इको-निवास संहितेने भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे १५ वॅटची मर्यादा घातली. समोरच्या भिंतीभर काच लावलेल्या घरांपेक्षा जाड भिंतींची, खोल बाल्कन्यांची जुनी घरे त्या मर्यादेच्या जवळ असणे स्वाभाविक आहे. फ्रान्समध्ये लाकातों आणि व्हासाल या वास्तुविशारदांनी बोर्दो शहरातल्या १९६०च्या दशकातल्या तीन मोठ्या इमारतींतली ५३० घरे न पाडता, रहिवाशांना न हलवता, बाहेरून काचबंद ओसरी जोडून मोठी आणि उबदार केली. २०२१चे प्रित्झ्कर पारितोषिक या जोडीला मिळाले.

‘फ्रान्समध्ये सरकार पैसे देते, इथे कोण देणार?’ हा आक्षेप येईल, आणि तो सगळ्यांत खरा आहे. आपल्याकडे पुनर्विकास घडतो तो मुख्यतः न वापरलेले चटईक्षेत्र विकता येते म्हणून. बिल्डर जादा मजले विकतो, त्यातून सभासदांना मोठे घर, कॉर्पस आणि मधल्या काळाचे भाडे मिळते. लिफ्ट हवी, मोठे घर हवे, ही इच्छा अगदी न्याय्य आहे. ज्या आजींना तीन जिने उतरता येत नाहीत त्यांना काँक्रीटचे रसायनशास्त्र सांगून उपयोग नाही. पण हा व्यवहार आहे, तर तो व्यवहार म्हणूनच सभेपुढे यावा. धडधाकट इमारतीला ‘धोकादायक’ ठरवून माणसांना भीतीने सही करायला लावणे अन्याय आहे. तो टाळण्यासाठीच महापालिकेच्या वर्गवारीत सी-१, म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत, आणि सी-२ब, म्हणजे राहत्या घरीच दुरुस्त करता येणारी इमारत, असा फरक केलेला आहे, आणि दोन अहवाल परस्परविरोधी आले तर ते तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात.

हा व्यवहार एकदाच होऊ शकतो, ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. चार मजल्यांच्या जागी बावीस मजले झाले, चटईक्षेत्र संपले, मालक सोळाचे एकशे वीस झाले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांनी या मनोऱ्याची सळई गंजू लागेल तेव्हा विकायला काही उरलेले नसेल. तेव्हा सगळा खर्च सभासदांच्या खिशातून, आणि विसाव्या मजल्यावरच्या बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती चौथ्या मजल्यासारखी परांचीवर बसून होत नाही. उपविधींनुसार सिंकिंग फंड बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. व्याज सोडले तर तीस वर्षांत साडेसात टक्के, तेही जुन्या किमतीवर. आजची ‘तिशी संपली’ ही विचारसरणी या मनोऱ्यांना लावली, तर २०५५ साली या शहरांपुढे काय वाढून ठेवले आहे?

काही इमारती पाडाव्यात हे मी नाकारत नाही. खाडीच्या रेतीने आतूनच खारावलेला सांगाडा वाचवणे कधीकधी अशक्य असते. बीडीडी चाळींचे उदाहरण तर उलट्या बाजूने महत्त्वाचे आहे. १९२०च्या दशकातल्या त्या काँक्रीटच्या इमारती शंभरीच्या जवळ आल्या तरी उभ्या राहिल्या, पण १६० चौरस फुटांची खोली आणि सामायिक संडास हे माणसांनी आणखी किती पिढ्या सोसायचे? तिथे पाडण्याचे कारण माणसांचे जगणे हे आहे, आणि ते कारण पुरेसे आहे. त्याला तीस वर्षांच्या मिथ्यकाची गरज नाही.

जिथे नवे बांधायचेच ठरले, तिथे संस्थेने करारात कार्पेटच्या आकड्याइतक्याच आग्रहाने आणखी काही लिहून घ्यावे. सळईवरचे आवरण समुद्रकाठच्या तीव्र हवामानाचे, आणि कव्हरमीटरने मोजून दिलेले. पाण्याच्या, सांडपाण्याच्या नळ्या भिंतीत न गाडता उघडता येणाऱ्या शाफ्टमध्ये. निदान घराच्या आतल्या काही भिंती हलवता येण्याजोग्या. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो लक्षात ठेवून मीटररूम आणि पंप पाण्याच्या पातळीच्या वर. बांधकाम जसे झाले तसे दाखवणारे स्ट्रक्चरल आराखडे संस्थेच्या ताब्यात. आज ऑडिट करताना पहिली अडचण हीच येते की सळई कुठे किती आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

आणि जिथे अजून ठरायचे आहे, तिथे क्रम उलटा करावा. आधी बिल्डरशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून पूर्ण चाचण्यांसह ऑडिट. मग दुरुस्ती, बळकटीकरण आणि बाहेरून लिफ्ट यांचा घरटी खर्च लेखी. फीझिबिलिटी रिपोर्ट त्यानंतर, आणि दोन्ही कागद एकाच सभेत सभासदांच्या हातात.